आधी तास, मग यंत्र



जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उलव्याहून शिवडी जवळ आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. न्हावा-शेवा बंदर तर आधीपासून शेजारी आहेच. उलव्यात राहून तळोज्यात, रबाळ्यात किंवा पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत गाळा चालवणाऱ्या तरुण उद्योजकांच्या मनात अशा वेळी एक प्रश्न घोळतो. दोन-तीन व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलची मशीनिंग सेंटर, आहेत, काम बरं चाललंय; आता फाइव्ह-ॲक्सिस मशीन घ्यावं का?

आपल्या भागात हा प्रश्न नुसता यंत्राचा नसतो. उलवे, गव्हाण, जासई या पट्ट्यात भांडवल पुष्कळदा जमिनीतून आलेलं असतं. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या, भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. असा भूखंड विकून किंवा गहाण ठेवून कोणी यंत्र घेणार असेल, तर त्याने आजोबांची शेती पणाला लावलेली असते. ती गेली, तर घरात पुन्हा येत नाही. म्हणून हिशेब काटेकोर हवा.

आधी यंत्र काय देतं ते पाहू. साध्या व्हीएमसीला तीन हालचाली असतात: डावी-उजवी, पुढे-मागे, वर-खाली. पाच अक्षांच्या यंत्रात दोन फिरत्या हालचालींची भर पडते. टेबल कलतं आणि गोल फिरतं, किंवा स्पिंडलचं डोकं कलतं. त्यामुळे जॉब एकदा बांधला की त्याच्या पाच बाजूंना टूल पोचतं. तीन अक्षांवर तोच जॉब चार-पाच वेळा सोडून पुन्हा बांधावा लागतो. दर सेटिंगला फिक्स्चर बदला, डायल लावा, आणि प्रत्येक वेळी थोडी चूक साचते. एका बाजूचं बोअर दुसऱ्या बाजूच्या बोअरशी वीस मायक्रॉनमध्ये जुळायला हवं असेल, तर ही साचलेली चूकच जॉब रिजेक्ट करते. इथे पाच अक्षांचं मोल खरं आहे.

पण सगळ्या कामांना पाच अक्ष लागत नाहीत. पंपाचा इम्पेलर, टर्बाइनचं पातं, खोल वळणांचे साचे यांच्यासाठी पाचही अक्ष एकाच वेळी फिरावे लागतात. व्हॉल्व्ह बॉडी किंवा मॅनिफोल्डला टेबल ठरावीक कोनात वळवून, तिथेच घट्ट धरून, तीन अक्षांनी कापलं तरी भागतं. त्याला थ्री प्लस टू म्हणतात. त्याहून सोप्या कामांना आहे त्या व्हीएमसीवर रोटरी टेबल बसवून चौथा अक्ष मिळवता येतो, तोही बऱ्याच कमी खर्चात. आणि तळोज्याच्या रासायनिक कारखान्यांना लागणारे शाफ्ट, स्लीव्ह, फ्लँज ही तर मुळात लेथची कामं.

विमानतळ शेजारी आला म्हणून विमानाच्या सुट्या भागांचं काम दारात येईल, या आशेवरही यंत्र घेऊ नये. त्या कामाला एएस ९१०० हे गुणवत्ता प्रमाणपत्र लागतं, ग्राहकाची मंजुरी लागते, पहिल्या नगाची सविस्तर तपासणी आणि धातूच्या प्रत्येक तुकड्याची नोंद लागते. विक्रोळीचं गोदरेज इस्रोसाठी इंजिनं घडवतं, वालचंदनगरचा कारखाना रॉकेटचे भाग घडवतो. त्यामागे वर्षानुवर्षांची शिस्त आहे. ती यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही.

मग ठरवायचं कसं? माझं सांगणं एकच आहे: यंत्र घेण्याआधी त्याचे तास विकून पाहा. गेल्या वर्षभरातली दोन प्रकारची ड्रॉइंग बाजूला काढा, ज्या कामांना नकार द्यावा लागला ती आणि ज्यांना चारपेक्षा जास्त सेटिंग लागली ती. पुढचे सहा महिने अशी कामं स्वीकारा आणि ज्यांच्याकडे फाइव्ह-ॲक्सिस आहे त्यांच्याकडून, रबाळ्यात किंवा भोसरी-चाकणला, जॉबवर्कवर करून घ्या. नफा थोडा मिळेल, कदाचित मिळणारही नाही. पण ग्राहक खरा आहे की नुसतं कोटेशन मागतो आहे, महिन्याला किती तास भरतात, बिलाचे पैसे किती दिवसांनी येतात, हे सगळं कळेल.

या तासांवर हिशेब कसा उभा राहतो तेही पाहा. समजा, १ कोटीचं कर्ज, १० टक्के व्याज आणि ७ वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ६६ हजार रुपये बसतो. दोन पाळ्यांत मिळून महिन्याला २४० तास स्पिंडल खरोखर कापत असेल, तर एका तासावर हप्त्याचा बोजा सुमारे ७०० रुपये पडतो. तेच तास १०० वर आले, तर बोजा १,६६० रुपयांवर जातो. पगार, टूलचा मार्ग आखणारं कॅम सॉफ्टवेअर, टूल, वीज, देखभाल यांचा खर्च अजून यात धरलेलाच नाही. यंत्र तेच आणि हप्ताही तोच असतो. फरक फक्त भरलेल्या तासांचा.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या कर्जाला हमी देणारी सरकारी योजना आहे. एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी रुपये झाली आहे. जमीन तारण न ठेवता कर्ज मिळवण्याचा हा चांगला मार्ग आहे, बँकेत तो आवर्जून विचारा. मात्र एक लक्षात ठेवा: ही हमी बँकेला असते. हप्ते थकले तरी कर्ज तुमच्याच डोक्यावर राहतं.

शेवटी माणूस आणि सेवा. परदेशी यंत्र न्हावा-शेव्याला उतरेल, उलव्यापासून हाकेच्या अंतरावर. पण स्पिंडल बिघडला तर इंजिनिअर कुठून आणि किती दिवसांत येणार, हे ऑर्डरआधी लेखी घ्या. विक्रेत्याच्या नमुन्यावर भाळू नका, तुमचाच जॉब तुमच्याच धातूत कापून दाखवायला सांगा. तुमच्या कॅम सॉफ्टवेअरसाठी त्या यंत्राचा तपासलेला पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणारा दुवा, मिळणार का, हे विचारा. आपल्या खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत इलेक्ट्रिकल पॅनेलची आणि गंजाची काळजी खर्चात धरा. आणि यंत्र यायच्या आधीच तुमच्याकडच्या एका हुशार सेटरला प्रोग्रामिंग शिकायला पाठवा, त्याचा पगार वाढवा. पाच अक्षांवर एक चुकीची ओळ टेबल आणि स्पिंडल दोन्हींचं नुकसान करते. ती ओळ वेळीच ओळखणारा माणूस शॉपमध्ये टिकला पाहिजे.

सहा महिन्यांनी तुमच्या वहीत दोन-तीन ग्राहकांचे मिळून पुरेसे तास सातत्याने दिसत असतील, तर बिनधास्त यंत्र घ्या, उगाच उशीर करू नका. कारण आज जॉबवर्कवर बाहेर जाणारा रुपया तेव्हा तुमच्या यंत्राला मिळेल. तास भरत नसतील, तर रोटरी टेबल घ्या, तपासणीची उपकरणं घ्या आणि आहे त्या व्हीएमसी दुसऱ्या पाळीत चालवा. आपल्या मुलांनी या मातीवर उत्तम दर्जाचं यंत्रकाम उभं करावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. ते कर्जाच्या ओझ्याखाली दबलेलं नको, भरलेल्या तासांवर ठाम उभं हवं.