महाराष्ट्राच्या रणजी संघाची उभारणी

बीड शहरांतील एखादा जुना क्रिकेटरसिक डोळ्यांपुढें आणावा. नोकरींतून निवृत्त झालेला, सकाळीं बिंदुसरेच्या काठानें फिरून येणारा आणि परत आल्यावर चहाचा पेला हातीं घेऊन आधीं महाराष्ट्राच्या रणजी संघाचा धांवफलक पाहणारा. भारताच्या संघाचे सामने सारें गांव पाहतें. रणजीचा धांवफलक पाहणारे मात्र बोटांवर मोजण्याइतकेच. ह्या गृहस्थाच्या निष्ठेचें नवल वाटावें, कारण तिला फळ असें फारसें मिळालेलें नाहीं. ज्या संघावर त्यानें जीव लावला त्यानें रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ सालीं. त्यानंतर २०२४-२५ च्या हंगामापर्यंत तो पुन्हां घरीं आला नव्हता.

त्या २०२४-२५ सालीं महाराष्ट्राचा संघ बादफेरीपर्यंतही पोंचला नाहीं. आणि त्याच वर्षीं शेजारच्या विदर्भानें करंडक तिसऱ्यांदा नेला. एकाच राज्यांत मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन संघ नांदतात. मुंबई आणि तिच्या लगतचा प्रदेश एकाचा, विदर्भाचे अकरा जिल्हे दुसऱ्याचे आणि उरलेला सारा मुलूख तिसऱ्याचा. बीड ह्या तिसऱ्या संघाच्या वांट्याला येतें. मुंबईच्या यशाची बीडच्या रसिकाला संवय झाली होती. परंतु विदर्भाची स्थिति एके काळीं महाराष्ट्राहूनही हलाखीची होती. शेजारच्या घरची ती दिवाळी पाहून त्याच्या मनांत आनंदाबरोबर एक प्रश्नही उभा राहिला : पडलेला संघ उभा करावयाचा, तर हात प्रथम कोठें घालावा?

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं तो आधीं मागें वळून पाहतो. १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें महाराष्ट्रानें करंडक जिंकला. कप्तान होते पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं मुंबईविरुद्ध २४६ धांवा काढणारा हा संस्कृतचा प्राध्यापक आजच्या तरुणांना दंतकथेंतला वाटेल. परंतु त्या संघाचा मोठा आधारस्तंभ सांगलीचा होता. विजय हजारे ह्यांनीं १९३९-४० सालीं बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा केल्या. पुढें डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवा काढणारे भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. ब्रॅडमनचा ४५२ धांवांचा विक्रम अवघ्या नऊ धांवांवर आला असतां प्रतिपक्षानें सामना सोडून दिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

त्या काळीं बीड निजामाच्या राज्यांत होतें. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान मुक्त झालें आणि त्यानंतर तीनच महिन्यांनीं निंबाळकरांची ती खेळी घडली. कागदोपत्रीं पाहतां देवधरांच्या विजयावर बीडकरांचा हक्क नाहीं. पण भाषेच्या नात्यानें आणि पुढें राज्याच्या नात्यानें तो वारसा त्यानें आपला मानला. आणि वारसा आपला म्हटला कीं त्यावरील कर्जही आपलेंच म्हणावें लागतें.

तें कर्ज कोणतें, हें पाहावयास १९४८-४९ चाच उपांत्य सामना पुरेसा आहे. पुण्यास मुंबईविरुद्ध झालेल्या ह्या सामन्यांत एकूण २,३७६ धांवा निघाल्या. मुंबईनें ६५१ आणि ८ बाद ७१४ धांवा केल्या. महाराष्ट्रानें ४०७ आणि ६०४ केल्या. चौथ्या डावांत सहाशेंवर धांवा करूनही महाराष्ट्र ३५४ धांवांनीं हरला! फलंदाजांनीं ह्याहून अधिक काय करावयाचें होतें? उणें होतें तें प्रतिपक्षाचे गडी बाद करणाऱ्या हातांत. पुढचाही इतिहास रसिक ह्याच दृष्टीनें वाचतो. २०१३-१४ सालीं केदार जाधवनें हंगामांत १,२२३ धांवा केल्या, महाराष्ट्रानें मुंबईला वानखेडेवर हरवलें आणि अंतिम सामना गांठला. तेथें कर्नाटकानें सात गडी राखून मात केली. १९७०-७१ आणि १९९२-९३ च्या अंतिम सामन्यांतही पराभवच पदरीं आला होता. ह्या संघाचे मोठे विक्रम आठवूं लागलें, तर ओठांवर नांवें येतात तीं बहुधा फलंदाजांचीं.

म्हणून रसिकाचें पहिलें मत असें कीं, उभारणी गोलंदाजांपासून करावी. रणजीच्या साखळी सामन्यांत निर्णायक विजयाला सहा गुण मिळतात. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावांत आघाडी घेणाऱ्यास तीन आणि दुसऱ्यास एक. चार दिवसांत वीस गडी बाद करण्याची ताकद नसेल, तर पांचशें धांवांच्या डोंगरावर बसूनही तीनच गुण पदरांत पडतात. विदर्भानें हें गणित ओळखलें. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यांत रजनीश गुरबानीनें दिल्लीविरुद्ध लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी टिपले. पुढच्या वर्षीं सौराष्ट्राविरुद्ध आदित्य सरवटेनें अंतिम सामन्यांत अकरा बळी घेतले. २०२४-२५ सालीं हर्ष दुबेनें एका हंगामांत ६९ बळी घेऊन रणजीचा नवा विक्रम केला. हे तिघेही विदर्भाच्याच मैदानांवर वाढले. ज्या संघानें १९५७-५८ सालीं रणजींत पाऊल ठेवलें आणि साठ वर्षें करंडकाची वाट पाहिली, त्यानें आपले दिवस पालटले ते ह्या हातांच्या बळावर.

येथें चहाच्या हॉटेलांतला दुसरा रसिक आक्षेप घेतो. त्याचें म्हणणें असें कीं, इतकी वाट कोण पाहणार? बाहेरचे दोन-तीन नामवंत खेळाडू आणावेत म्हणजे झालें. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. २०१०-११ सालीं खालच्या गटांतील राजस्थाननें थेट करंडक जिंकला. त्याचा कप्तान होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर आणि त्याच्या जोडीला दिल्लीचा आकाश चोप्रा. विदर्भासाठींही वसीम जाफरनें चाळिशीच्या वयांत, २०१८-१९ च्या हंगामांत, हजारावर धांवा केल्या आणि २०२४-२५ च्या विजयांत करुण नायरचा वांटा मोठा होता. महाराष्ट्रानेंही २०२५-२६ च्या हंगामासाठीं पृथ्वी शॉ आणि जलज सक्सेना ह्यांना आपल्याकडे घेतलें.

परंतु राजस्थानच्या त्या हंगामाचा आरंभ कसा झाला, हें विसरतां कामा नये. पहिल्याच सामन्यांत हैदराबादचा डाव २१ धांवांत गुंडाळला गेला आणि त्यांतील आठ गडी अवघ्या दहा धांवांत बाद केले ते दीपक चाहर नांवाच्या अठरा वर्षांच्या मुलानें. हा त्याचा पहिलाच सामना होता, आणि तो राजस्थानच्याच अंगणांतला मुलगा होता. बाहेरचा खेळाडू म्हणजे बांधकामाची परांची. तिच्यावर चढून भिंत उंच करावयाची असते. भिंत उभी राहिली कीं परांची काढतात. भिंतच बांधली नाहीं, तर नुसत्या परांचीवर कोणी छप्पर घालीत नाहीं. पाहुण्या खेळाडूची निवड करतांना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत, असें बीडच्या रसिकाला वाटतें : तो किती धांवा काढील, आणि त्याच्या शेजारीं उभा राहून कोणता तरुण शहाणा होईल?

ह्यापुढचा मुद्दा अधिक दुखरा आहे. आलेले खेळाडू मोजतांना गेलेलेही मोजावे लागतात. हजारे ह्यांनीं महाराष्ट्र सोडून बडोदें गांठलें, संस्थानची चाकरी पत्करली, आणि १९४२-४३ व १९४६-४७ सालीं करंडक बडोद्यास गेला. १९४७ च्या अंतिम सामन्यांत गुल महंमदबरोबर त्यांनीं केलेली ५७७ धांवांची भागी बडोद्याच्या नांवावर लिहिली गेली. निंबाळकरही पुढें होळकर संघाकडून खेळले. पोट जेथें भरतें तेथें माणूस जातो. त्यांत खेळाडूचा दोष नाहीं.

बीडला तर हें सांगावेंच लागत नाहीं. दरवर्षीं ऊसतोडणीसाठीं ह्या जिल्ह्यांतलीं कुटुंबेंच्या कुटुंबें घराला कुलूप लावून बाहेर पडतात. क्रिकेटमध्येंही तसेंच घडलें. १९७२ सालीं बीडमध्यें जन्मलेला संजय बांगर लहान वयोगटांत महाराष्ट्र आणि मुंबईकडून खेळला. पण रणजींत नांव काढलें तें रेल्वेच्या संघाकडून. बीडला आगगाडी पोंचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, आणि बीडचा मुलगा रेल्वेच्या संघांत पोंचला तो त्याच्या तीस वर्षें आधीं! डिसेंबर २००१ मध्यें मोहालीस इंग्लंडविरुद्ध तो पहिला कसोटी सामना खेळला. त्याच सामन्यांत पदार्पण करणारा जलद गोलंदाज इक्बाल सिद्दिकी हा त्या वेळच्या औरंगाबादचा. एकाच कसोटींत मराठवाड्याच्या दोन तरुणांनीं भारताची टोपी घातली, हा योग सामान्य नव्हता. पुढच्याच वर्षीं हेडिंग्लेच्या ओलसर खेळपट्टीवर बांगरनें सलामीला येऊन ६८ धांवा केल्या आणि द्रविडबरोबर १७० धांवांची भागी रचून भारताच्या विजयाचा पाया घातला. त्या दिवशीं बीडमध्यें आनंद झाला. पण महाराष्ट्राच्या संघाला अशा धीराच्या सलामीवीराचा उपयोग झाला नाहीं, ही खंतही राहिली.

मराठवाड्यांत खेळाडूंचा तुटवडा नाहीं, हें पुढेंही दिसून आलें. जालन्याच्या विजय झोलनें १९ वर्षांखालील कुचबिहार स्पर्धेंत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धांवा केल्या. आणि २०१४ सालीं वानखेडेवर मुंबईला हरवतांना केदार जाधवला साथ दिली ती त्यानेंच. फेब्रुवारी २०२४ मध्यें तर प्रत्यक्ष बीडच्याच सचिन धसनें सर्वांचें लक्ष वेधून घेतलें. दक्षिण आफ्रिकेंत बेनोनी येथें १९ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता. २४५ धांवांचें लक्ष्य, आणि भारताचे चार गडी ३२ धांवांत परतलेले. त्या वेळीं सचिन आणि कप्तान उदय सहारण ह्यांनीं १७१ धांवांची भागी केली. सचिन ९६ धांवांवर बाद झाला. भारत दोन गडी राखून जिंकला. शतक चार धांवांनीं हुकलें ह्याचें दुःख बीडमध्यें कोणी फारसें केलें नाहीं.

त्या दिवसांत वृत्तपत्रांतून आलेली एक गोष्ट मात्र रसिकाच्या मनांतून जात नाहीं. ह्या मुलाचा बीडमधील सराव अर्ध्या लांबीच्या टर्फ खेळपट्टीवर झाला होता. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची असते, हें शाळकरी पोरालाही ठाऊक असतें. फलंदाज अर्ध्या खेळपट्टीवरही कसाबसा घडेल, कारण चेंडू पडतो ती जागा तेवढी त्याला खरी मिळाली कीं त्याचें काम भागतें. परंतु गोलंदाज तेथें कसा घडावा? त्याचें पाऊल पडतें पलीकडच्या टोंकाला. धांवत येऊन तेथें पाय रोवावयाचा आणि बावीस यार्डांचा अंदाज अंगांत मुरवावयाचा. महाराष्ट्राला फलंदाज मिळतात आणि गोलंदाज कमी पडतात, ह्या जुन्या कोड्याचा एक धागा रसिकाला ह्या अर्ध्या खेळपट्टींत सांपडतो. सारें कोडें त्यानें सुटेल असें तो म्हणत नाहीं. परंतु गहुंज्याचें भव्य क्रीडांगण उभें असतां जिल्ह्याच्या गांवीं एक पूर्ण खेळपट्टी असावी, ही मागणी अवाजवी कशी म्हणावी?

त्याचें मागणें एवढेंच आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणीं पूर्ण लांबीच्या दोन खेळपट्ट्या आणि त्या राखणारा जाणता माळी. वर्षांतून कांहीं वेळां निवड करणाऱ्यांनीं पुण्याबाहेर येऊन गोलंदाजांना पाहणें. निवडलेल्या तरुणाला दोन सामन्यांच्या अपयशावरून न काढतां निदान एक हंगाम देणें. आणि शिक्षकालाही पेरलेलें उगवेपर्यंत अवधि देणें. विदर्भानें चंद्रकांत पंडितांना आणलें तेव्हां त्यांच्या हातीं रिकामें शेत दिलें नव्हतें. नागपूरच्या अकादमींत मशागत आधींपासून चालली होती.

शेवटीं रसिक स्वतःकडेही बोट दाखवितो, आणि हा त्याचा प्रामाणिकपणा मानला पाहिजे. रणजीच्या सामन्याला प्रेक्षक नसतात. संघ हरला कीं नांवें ठेवणारे पुष्कळ, पण जिल्ह्याच्या मैदानावर चौदा वर्षांच्या मुलांचा सामना पाहावयास जाणारे किती? ज्या गोलंदाजाची सारे वाट पाहत आहेत तो कदाचित् आज सायंकाळीं बीडच्या एखाद्या पटांगणांत, शिवण उसवलेला चेंडू हातीं घेऊन, बावीस यार्डांचें अंतर पावलांनीं मोजीत असेल. त्या मुलाला पाहावयास आतां रोज सायंकाळीं फिरावयास जातांना वाट थोडी वांकडी करावी, असें ह्या गृहस्थानें ठरविलें आहे. सकाळचा धांवफलक तर तो पाहणारच.