सल्फा औषधे आणि जिवाणूंचे फोलेट
(मुखेड येथील शेतकऱ्यांसमोर दिलेले भाषण)



वासराला हगवण लागली की सल्फाची गोळी आपल्या ओळखीची आहे. हेच औषध संशोधकांनाही लागते. कशासाठी, ते आज पाहू.

सुरुवात मुंबईची आहे. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्लंडहून आल्या आणि हाफकिन संस्थेत त्यांनी गरोदर स्त्रियांच्या, विशेषतः गिरणी कामगार बायकांच्या, पंडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने रक्त सुधारते, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा केला गेला आणि पानावरूनच त्याला नाव मिळाले.

फोलेटवाचून पेशी वाढत नाही. आपण ते हरभरा, मूग, पालेभाजी यांतून घेतो. बहुतेक रोगजंतूंना मात्र ते स्वतः तयार करावे लागते. त्यासाठी त्यांना 'पाबा' नावाचा पदार्थ लागतो. सल्फा हुबेहूब पाबासारखे दिसते, जिवाणू फसतो आणि काम अडते. पाबा भरपूर घातला तर सल्फाचा जोर ओसरतो, हे वुड्स यांनी १९४० साली दाखवले. ट्रायमेथोप्रिम याच वाटेवरची पुढची पायरी अडवते, म्हणून दोन्ही एकत्र देतात.

आता आपल्या पिकाकडे या. वनस्पतीही फोलेट स्वतःच बनवते. त्यामुळे सल्फाडायझिन घातलेल्या माध्यमावर साधे रोप वाढत नाही. जिवाणूमधील सल्फा-प्रतिकारक जनुक ज्या रोपात बसले, तेच हिरवे राहते. हजारो रोपांतून नेमके हवे ते निवडण्याची ही चाळणीच म्हणा ना! ॲसुलाम हे तणनाशकही याच ठिकाणी घाव घालते. मात्र जनावराची गोळी पाण्यात विरघळवून पिकावर फवारण्याचा उद्योग कोणी करू नये.

प्रतिकारक जनुक प्रयोगशाळेत उपयोगी, गोठ्यात मात्र घातक. ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून औषध सोडले, तर चिवट जंतू मागे उरण्याचा धोका असतो. जखमेत पू असेल तर ती आधी स्वच्छ करावी, कारण पुवातील मेलेल्या पेशींतून जंतूंना आयता माल मिळतो व सल्फा निकामी ठरते. मात्रा पशुवैद्यकांकडून वजनानुसार ठरवून घ्यावी. औषध चालू असताना, आणि नंतर पाकिटावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत, त्या जनावराचे दूध डेअरीला घालू नये व घरातही वापरू नये.