आहे, पण वापरता येतं का?



शाळेतल्या मुलांच्या आरोग्याच्या सोयींची माहिती दरवर्षी गोळा होते. ‘यू-डायस’ या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीच्या फॉर्ममध्ये मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, हात धुण्याची सोय आहे का, हे शाळेनेच भरायचं असतं. पुढचं नियोजन या उत्तरांवर होतं. म्हणूनच ती भरवशाची आहेत का, हे तपासायला हवं.

एक रीत म्हणजे, दोनेक आठवड्यांनी त्याच मुख्याध्यापकांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. दुसरी, मुख्याध्यापकांना आणि एखाद्या शिक्षिकेला वेगवेगळं विचारायचं. पण उत्तरं जुळली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये. समजा, दोघांनीही शंभरपैकी नव्वद प्रश्नांना डोळे मिटून ‘होय’ म्हटलं, तर निव्वळ योगायोगानेही सरासरी ब्याऐंशी उत्तरं जुळतात. हा योगायोग वगळून खरा मेळ किती, हे सांगणारं ‘कप्पा’ नावाचं माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलं.

आणि दोन्ही वेळा तेच चुकीचं उत्तर मिळालं तर? मग प्रत्यक्ष जाऊन पाहण्याला पर्याय नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीतले कार्यकर्ते शाळेत जाऊन मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का, उघडं असेल तर ते वापरण्याजोगं आहे का, हे वेगवेगळं नोंदवतात. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी शाळांत बांधलेल्या स्वच्छतागृहांची महालेखापरीक्षकांनी अशीच पाहणी केली. २०२० साली संसदेपुढे आलेल्या त्या अहवालानुसार, तपासलेल्या २,६९५ पैकी २०० स्वच्छतागृहं कागदावर होती, शाळेत नव्हती. जी बांधून झाली होती, त्यांतल्या ७२ टक्क्यांत नळाचं पाणी नव्हतं.

प्रश्नावली तयार करणाऱ्यांना माझं सांगणं आहे, ‘हात धुण्याची सोय आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘आज नळाला पाणी होतं का? साबण होता का?’ असं विचारा. आणि ‘नाही’ असं खरं उत्तर देणाऱ्या मुख्याध्यापकांना नोटीस नव्हे, मदत मिळू द्या. नाही तर पुढच्या वर्षी सगळीकडे ‘होय’च येईल.

शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनाही विनंती आहे. तुमच्या शाळेने भरलेली माहिती मागून घ्या, ती हातात घेऊन शाळेत एक फेरी मारा, आणि जे जुळत नसेल ते पुढच्या बैठकीत नोंदवून घ्या.