दुसरे विद्यापीठ निवडताना

(परदेशात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला जो विषय दिला आहे तो वरवर पाहता अगदी व्यावहारिक आहे. मुलाला किंवा मुलीला विद्यापीठ बदलायचे झाले तर कोणते निवडावे? मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शिकवले ते अर्थशास्त्र. तरीही मी येथे उभा आहे याचे कारण घरगुती आहे. माझी भाची २०१९ साली युक्रेनच्या पश्चिम भागातील एका शहरात वैद्यकीय शिक्षणासाठी गेली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा ती तिसऱ्या वर्षात होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती रुमानियाच्या सीमेवरून परतली. तिच्याजवळ एक पाठपिशवी, पारपत्र आणि पुरेशी झोप न झालेले डोळे एवढेच होते. त्यानंतरचे सहा महिने आमच्या घरातील जेवणाच्या मेजावर जे कागद पसरले होते, त्यांतून मी जे काही शिकलो ते तुम्हाला सांगणार आहे.

त्या वेळी सुमारे साडेबावीस हजार भारतीय युक्रेनमधून परत आले. त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते. खार्किवमध्ये अन्नधान्यासाठी रांगेत उभा असलेला हावेरी जिल्ह्यातील एक विद्यार्थी १ मार्चला मारला गेला, हेही तुम्हाला आठवत असेल. मुले जिवंत परत आली याचा आनंद सर्वांना झाला. विमानतळावर मंत्री आले, गुलाबाची फुले दिली गेली. पुढे मुलांनी विचारले, "आता आम्ही शिकायचे कोठे?" त्या प्रश्नाला मात्र फुले देणाऱ्यांपाशी उत्तर नव्हते.

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, परदेशी संस्थेतील विद्यार्थ्याला भारतीय वैद्यकीय महाविद्यालयात सामावून घेण्याची तरतूद १९५६ च्या कायद्यातही नव्हती आणि २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातही नाही. कायदेशीर दृष्ट्या हे म्हणणे बिनचूक होते. परंतु त्याच प्रतिज्ञापत्रात ही मुले परदेशी का गेली याची दोन कारणे दिली होती. एक, प्रवेश परीक्षेतील कमी गुणवत्ता. दुसरे, येथील शिक्षण न परवडणे. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला येथे थांबावेसे वाटते. ही दोन कारणे नाहीत, हे एकच कारण आहे. 'नीट' परीक्षेत पात्र ठरणाऱ्या मुलांची संख्या बारा-तेरा लाखांच्या घरात असते, आणि जागा आहेत त्या एक लाखाहून थोड्या अधिक. त्यांतील साधारण निम्म्या खाजगी. त्यामुळे जिच्यापेक्षा कितीतरी कमी गुण मिळालेला मुलगा पुण्या-मुंबईतच राहून डॉक्टर होतो ती मुलगी युक्रेनला जाते. तिच्या गुणांना कमी म्हणायचे की तिच्या बापाच्या खिशाला? काही अभिमत विद्यापीठांत वर्षाचे शुल्क वीस लाखांच्या पुढे गेलेले आहे. माझ्या मेहुण्याने दीड एकर जिरायत विकली, ती भाचीच्या सहा वर्षांच्या खर्चाला कशीबशी पुरली. त्या रकमेत येथे एक वर्ष झाले असते.

हे सारे आकाशातून पडलेले नाही. महाराष्ट्रात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ पासून विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना मोकळी वाट मिळाली. १९८७ साली देणगी शुल्काला बंदी करणारा कायदाही याच राज्याने केला, आणि देणगी मागच्या दाराने चालूच राहिली. शेजारच्या कर्नाटकात त्याच सुमारास वैद्यकीय शिक्षणाचे वार्षिक शुल्क सरकारी जागेवर दोन हजार, राज्यातील इतर विद्यार्थ्याला पंचवीस हजार आणि राज्याबाहेरच्याला साठ हजार असे ठरवण्यात आले होते. मीरतच्या एका मुलीने त्याला आव्हान दिले आणि १९९२ साली मोहिनी जैन खटल्याचा निकाल लागला. त्या निकालाने आमच्या पिढीला केवढा हुरूप आला होता! पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात आणि नंतर २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात तो हुरूप टप्प्याटप्प्याने ओसरला. असो. इतिहास सांगण्यासाठी तुम्ही मला बोलावलेले नाही.

तेव्हा भाचीपुढे काय पर्याय होते ते पाहू. घरी बसून संगणकावर व्याख्याने ऐकत राहावे, हा पहिला. तिच्या विद्यापीठाने तो दिला होता. वर्ग नियमित होत, प्राध्यापक कधी तळघरातून शिकवीत, आणि त्या माणसांविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. परंतु पोटावर हात ठेवून यकृत चाचपणे पडद्यावर शिकता येत नाही. ऑनलाइन काळाची भरपाई प्रत्यक्ष शिक्षणाने झाली पाहिजे, ही आयोगाची भूमिका मुलांना जाचक वाटली तरी ती मुळात चुकीची नव्हती. उद्या तुमच्या-माझ्या पोटावर ठेवला जाणारा हात तो आहे.

६ सप्टेंबर २०२२ रोजी आयोगाने दुसरी एक वाट मोकळी केली. विद्यार्थ्याने तात्पुरते दुसऱ्या देशातील विद्यापीठात शिकावे, पदवी मात्र मूळच्या युक्रेनी विद्यापीठानेच द्यावी. तिसरी वाट पूर्ण स्थलांतराची. म्हणजे जुन्या विद्यापीठाशी संबंध संपवून नव्याचेच व्हायचे आणि पदवीही नव्याचीच घ्यायची. या दोन वाटा ऐकताना सारख्या वाटतात. आमच्याकडे आलेल्या पहिल्या एजंटाने त्या सारख्याच आहेत असे सांगितलेही. त्या सारख्या नाहीत. पदवीवर कोणाचा शिक्का असणार, यावर ती पदवी भारतात चालणार की नाही हे अवलंबून असते.

१८ नोव्हेंबर २०२१ ही तारीख घराघरांत लिहून ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी परदेशी वैद्यकीय पदवीधरांविषयीची नवी नियमावली लागू झाली. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, तो इंग्रजी माध्यमातून हवा, त्यानंतर तेथेच १२ महिन्यांची आंतरवासिता हवी, त्या पदवीवर त्या देशात तेथील नागरिकाच्या बरोबरीने व्यवसायाचा परवाना मिळाला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही की, सारे शिक्षण आरंभापासून अखेरपर्यंत एकाच संस्थेत झाले पाहिजे. त्या तारखेच्या आधीच जे परदेशात शिकत होते त्यांना ही नियमावली लागू नव्हती. माझी भाची २०१९ ची, म्हणून तिच्यापुढे तिन्ही वाटा होत्या. तिच्याच शहरात डिसेंबर २०२१ मध्ये पोचलेल्या मुलांना पूर्ण स्थलांतराची वाट नव्हती. काही आठवड्यांच्या अंतराने माणसाचे भवितव्य दोन वेगळ्या कायद्यांत पडते, आणि विमानात बसताना त्याला कोणी हे सांगितलेले नसते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. त्यानंतर परदेशी गेलेल्या मुलाला 'नाही आवडले तर पुढच्या वर्षी बदलू' असे म्हणता येत नाही. २०२३ च्या नियमावलीने देशातल्या देशातही एका वैद्यकीय महाविद्यालयातून दुसऱ्यात जाण्यास मनाई केली. म्हणून आज या सभागृहात बदलाचा विचार करणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की, आधी मुलाच्या प्रवेशाची तारीख पाहा. ती न विचारता जो एजंट 'ट्रान्स्फर होऊन जाईल' म्हणतो त्याच्या कार्यालयाची पायरी पुन्हा चढू नका. हाच माणूस फिलिपाइन्सच्या अभ्यासक्रमाची पत्रकेही वाटत असतो. तेथील एम.डी. ४८ महिन्यांचे आहे, हे तो सांगत नाही.

आम्ही जॉर्जिया आणि उझबेकिस्तान या दोन देशांपर्यंत आलो. उझबेकिस्तानात समरकंदच्या वैद्यकीय विद्यापीठाने युक्रेनमधून आलेल्या आपल्या मुलांना मोठ्या संख्येने सामावून घेतले, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. जॉर्जियातही सहा वर्षांचाच अभ्यासक्रम असल्याने विषयांची सांगड घालणे त्या मानाने सोपे होते. माहितीपत्रके दोन्हीकडची देखणी होती. भाचीने एके रात्री ती सारी बाजूला सारली आणि एका वहीत आपले प्रश्न लिहिले. ती वही मी तिच्या परवानगीने आणली आहे.

तिचा पहिला प्रश्न असा: 'रुग्णालय विद्यापीठाचे स्वतःचे आहे की भाड्याचे, आणि चौथ्या वर्षाच्या एका गटात किती विद्यार्थी एका खाटेभोवती उभे असतात?' मी एवढी वर्षे शिक्षणक्षेत्रात काढूनही हा प्रश्न मला सुचला नसता. याचे उत्तर कोणत्याही पत्रकात नसते; ते तेथे शिकत असलेल्या मुलांकडेच मिळते. तिने दोन्ही देशांतील सात-आठ मुलांना फोन लावले. ज्यांची नावे एजंटाने दिली होती त्यांना मुद्दाम वगळले. एका ठिकाणी वीस जण एका खाटेभोवती असतात असे कळले. दुसऱ्या ठिकाणी आठ.

दुसरा प्रश्न भाषेचा. शिकवणे इंग्रजीत होते, पण रुग्ण इंग्रजीत कण्हत नाही. छातीत दुखते म्हणजे कसे दुखते, टोचते की दाबल्यासारखे वाटते, हे ज्याला विचारता येत नाही तो दोन वर्षे रुग्णालयात केवळ पाहुणा असतो. युक्रेनी भाषा तिने तीन वर्षांत बऱ्यापैकी आत्मसात केली होती. ती आता वाया जाणार होती, आणि त्याचे तिला शुल्काहून अधिक दुःख झाले.

तिसरा प्रश्न गुणपत्रकाचा. युद्ध चालू असलेल्या देशातून तीन वर्षांचे तास, विषय आणि गुण यांचा शिक्कामोर्तब केलेला कागद आणायचा, आणि नव्या विद्यापीठाने त्यातले किती मान्य करायचे हे तेच ठरवणार. काही ठिकाणी मुलांना पूर्ण वर्ष मागे टाकले गेले. एजंट म्हणाला, "एक दिवसही जाणार नाही." तिने नव्या विद्यापीठाकडून कोणते विषय पुन्हा करावे लागतील याची लेखी यादी मागवली. यादीत तीन विषय होते. एक सहामाही गेली. हे पैसे भरण्यापूर्वी कळले, हाच काय तो फायदा.

एक आठवण मध्येच सांगतो. आम्ही तरुण असताना सोव्हिएत संघात शिकायला जाणारी मुले असत. १९६० साली मॉस्कोत स्थापन झालेल्या आणि पुढे पॅट्रिस लुमुंबाचे नाव दिलेल्या विद्यापीठात आशिया-आफ्रिकेतील गरीब घरची मुले शिष्यवृत्तीवर जात. त्या व्यवस्थेविषयी आम्हा समाजवाद्यांचे मतभेद तीव्र होते आणि ते योग्यच होते. पण तेथे जाणाऱ्या मुलाच्या डोक्यामागे दलालीचा आकडा लिहिलेला नसे. त्याच भूमीवरच्या संस्थांत आज आपली मुले ग्राहक म्हणून जातात, आणि बाजारात बसलेला माणूस त्यांचा सल्लागार असतो.

चौथा प्रश्न तिने लिहून खोडला होता आणि पुन्हा लिहिला होता: 'जायचेच का?' परदेशी पदवी घेऊन आलेल्यांसाठी २००२ पासून चाळणी परीक्षा आहे. तीनशे प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी दीडशे गुण. डिसेंबर २०२३ आणि जून २०२४ या दोन्ही वेळी बसलेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश उत्तीर्ण झाले. हा आकडा मीच तिच्या निर्णयाच्या वेळी सांगू शकलो असतो तर बरे झाले असते, पण त्याआधीचे आकडेही फारसे निराळे नव्हते आणि ते तिला ठाऊक होते. तिच्या वर्गातील एका मुलीने वैद्यकीय सोडून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात परिचर्येच्या पदवीला प्रवेश घेतला. नातेवाइकांनी तिच्याविषयी हळहळ व्यक्त केली. मला ती हळहळ अपमानास्पद वाटते. वॉर्डात रात्री तीन वाजता रुग्णापाशी कोण असते? परिचर्येत तर जी.एन.एम. पदविका झालेल्या मुलीला नोकरीनंतरही दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवीपर्यंत जाता येते. अशी शिडी डॉक्टरकीच्या शिक्षणात कोणी ठेवलेली नाही. भाचीने मात्र जायचे ठरवले. मी तिला थांबवले नाही. थांबवावे असे त्या आठवड्यात एक-दोनदा मनात आले होते, हे कबूल करतो.

मार्च २०२३ मध्ये सरकारने अंतिम वर्षाच्या मुलांना येथील महाविद्यालयात प्रवेश न घेताही एम.बी.बी.एस.ची परीक्षा देण्याची आणि नंतर दोन वर्षे आंतरवासिता करण्याची संधी न्यायालयापुढे मान्य केली. तोवर ती तिबिलिसीत होती, आणि अंतिम वर्षात नसल्याने तिला त्याचा उपयोगही नव्हता. तेहतीस अक्षरांची जॉर्जियन लिपी तिने पहिल्या हिवाळ्यात शिकून घेतली. खाटेभोवती आठ जण असतात ही माहिती खरी निघाली. वसतिगृहाविषयीची सारी माहिती खोटी निघाली. तिथला अभ्यासक्रम तिने पूर्ण केला आहे. चाळणी परीक्षेत पहिल्या खेपेस ती अकरा गुणांनी राहिली, आणि सध्या लातूरला एका खोलीत राहून पुन्हा अभ्यास करते आहे. तिची वही मी टेबलावर ठेवतो. ज्यांनी मुलाच्या प्रवेशपत्राची आणि गुणपत्रकाची प्रत आणली असेल त्यांनी सभेनंतर थांबावे. आपण एकेकाच्या तारखा पाहू.