शेजारचा धर्मगुरू : फादर फ्रान्सिस दिब्रिटो
(माणिकपूर येथे दिलेले व्याख्यान)



भिक्खू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चीवर आणि विहार येतो. कॅथलिक पंथातही मठात राहून मौन, प्रार्थना व श्रम यांत आयुष्य घालविणारे संन्यासी आहेत. फादर दिब्रिटो त्या अर्थाने मठवासी नव्हते. ते १९७२ साली दीक्षित झालेले धर्मगुरू. लोकांत राहणे हेच त्यांचे व्रत. गाव नंदाखाल, समाज सामवेदी. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालविले आणि चर्चच्या या मासिकाला ख्रिस्ती नसलेले वाचक-लेखक मिळवून दिले.

बायबल मराठीत पूर्वीही होते. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू-ग्रीक शिकून भाषांतर केले होते. मग ‘सुबोध बायबल’ कशासाठी? जुनी भाषा प्रार्थनेत ऐकायची होती, घरात बोलायची नव्हती. शेजाऱ्याने हाती घेतले तरी अडू नये, अशी मराठी फादरांना हवी होती. या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यांच्या काही लेखांत प्रवचनाचा सूर डोकावतो खरा. पण हे काम, आमच्या मते, सर्वांत टिकणारे आहे.

आता आपल्या दारातली गोष्ट. ऐंशीच्या दशकात वसई रोड स्टेशनभोवती, माणिकपूर-नवघरात इमारती उठल्या, पाणी पुरेना. टँकर पश्चिमेच्या वाड्यांतील विहिरी उपसू लागले. फादर ‘हरित वसई संरक्षण समिती’ घेऊन रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने या भानगडीत का पडावे, असे तेव्हा अनेकांनी विचारले. आपण ब्लॉकमध्ये राहणारी माणसे. पाणी आपल्यालाही हवेच होते, तेव्हा हे आंदोलन आपल्याविरुद्ध तर नाही ना, अशी शंका येणे साहजिक होते. पण त्यांचे भांडण तहानलेल्याशी नव्हते. बागायतदाराच्या विहिरीवर व जमिनीवर धंदा मांडणाऱ्यांशी आणि त्यांच्या दहशतीशी होते. विहीर आटली की केळीची बाग जाते, बाग गेली की जमीन विकावी लागते; मग त्याच जमिनीवर पुढची इमारत आणि पुढचा टँकर! हे चक्र त्यांनी वेळीच ओळखले होते.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवडीला धर्माच्या नावाने विरोध झाला. आजारी असूनही ते गेले आणि वाढत्या असहिष्णुतेविरुद्ध स्पष्ट बोलले. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालचे. संमेलनाला पहिला ख्रिस्ती अध्यक्ष लाभायला मात्र २०२० उजाडावे लागले.

२५ जुलै २०२४ रोजी फादरांचे निधन झाले. त्यांचे आत्मकथन ‘नाही मी एकला’ आणि इस्रायल-पॅलेस्टाइनवरील ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ हे दोन ग्रंथ आपल्या वाचनालयासाठी घ्यावेत, अशी आम्ही कार्यकारिणीला विनंती करतो.