एका ओळीत दडलेला पूल



सरकारी पैसा वाया जातो, असे आपण सारेच म्हणतो. तो कागदावर कसा दडतो, हे मी आज सांगणार आहे. उदाहरण अमेरिकेचे आहे.

2005 साली तिथल्या संसदेने रस्ते-वाहतुकीचे एक विधेयक मंजूर केले. खर्च सुमारे 28,600 कोटी डॉलर. त्यात सहा हजारांहून अधिक कामे खासदारांनी आपापल्या भागासाठी घातली होती. अशा नोंदीला तिथे ‘इअरमार्क’ म्हणतात. गुराच्या कानाला मालक खूण करतो, त्यावरून हा शब्द आला.

त्यातली एक नोंद अलास्कातल्या केचिकन गावाची. समोरच्या ग्रॅव्हिना बेटावर विमानतळ आहे आणि वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. काही मिनिटांत पोहोचवणारी फेरीबोट होतीच. तरी पुलासाठी 22 कोटी 30 लाख डॉलर! अलास्काचे खासदार डॉन यंग तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या वाहतूक समितीचे अध्यक्ष होते. लोक त्याला ‘कुठेच न नेणारा पूल’ म्हणू लागले.

पूल झाला असता तर गावकऱ्यांची सोय झाली असती, हे खरे. पण त्या पैशाची जास्त गरज कुठे आहे, हे वेळेवर विचारले गेले नाही. कारण प्रत्येक कामावर वेगळे मतदान नव्हते. विधेयक नाकारावे, तर आपल्याही भागाचा रस्ता जातो. सिनेटमध्ये विरोधात अवघी 4 मते पडली.

महिन्याभरात कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स बुडाले. पुलाचा पैसा तिथला मोडलेला पूल उभारायला द्या, अशी सूचना सिनेटर टॉम कोबर्न यांनी आणली. तिच्या बाजूने 15 मते पडली, विरोधात 82. शेवटी 2007 मध्ये अलास्का राज्यानेच तो पूल रद्द केला. 2011 पासून अशा नोंदी बंद झाल्या. 2021 मध्ये त्या परत आल्या, पण आता प्रत्येक मागणी खासदाराला जाहीर करावी लागते आणि त्यात आपला आर्थिक लाभ नाही, असे लिहून द्यावे लागते.

आता आपल्या पाड्यांकडे या. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दोन मोठे अधिकार दिले आहेत. गावविकासाची योजना सुरू होण्याआधी तिला मंजुरी देण्याचा, आणि पैसा कसा खर्च झाला याचा दाखला देण्याचा. म्हणजे पाड्यावरची एखादी मावशीसुद्धा एकेका कामावर बोट ठेवून विचारू शकते, “हे काम कोणी मागितले? कोणाच्या सोयीचे?”

पण यादी तिला कोणी वाचून दाखवली तरच. नुसती सही किंवा अंगठा घेतला, तर कायदा कागदावरच राहतो.

म्हणून माझी विनंती आहे. पाड्यावर याल तेव्हा वह्या आणि कपडे जरूर आणा, पण ग्रामसभेच्या दिवशी एक तास बसून कामांची यादी मोठ्याने वाचायलाही मदत करा. आणि तुमच्या दानाचा हिशेब आम्हालाही ओळीओळीने विचारा. विश्वासू कारभाऱ्याला प्रश्नांचे भय नसते.