बराकपूरचा ताग आणि ग्राहकाची पसंती
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



वस्त्रोद्योगाच्या इतिहासात यंत्रे आणि मालक यांचे पुष्कळ वर्णन आढळते. ग्राहकाचा उल्लेख क्वचितच होतो. कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीकाठी वसलेल्या बराकपूरचा इतिहास मात्र ग्राहकाला वगळून सांगता येत नाही.

१८९५ च्या पुणे काँग्रेसचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांचे घर बराकपूरच्या मणिरामपुरात होते. १९२५ मध्ये तेथेच ते निवर्तले. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये पुकारलेल्या बहिष्काराचे ते एक अग्रणी. त्याच वर्षी पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. मँचेस्टरचे तलम कापड टाकून लोकांनी जाडेभरडे देशी कापड पत्करले आणि मुंबईच्या गिरण्यांचा माल उचलला जाऊ लागला. पण गिरण्यांनी भाव चढविले, तेव्हा गरिबांना हे व्रत पाळणे जड गेले. ग्राहकाच्या त्यागालाही मर्यादा असते, हे तेव्हाच दिसून आले.

याच हुगळीच्या पलीकडच्या तीरावर, रिसडा येथे, १८५५ मध्ये तागाची पहिली गिरणी निघाली. पुढे अलीकडे टिटागड, जगद्दल, नैहाटी येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. जगाचे धान्य बंगालच्या गोणपाटात भरले जाऊ लागले. १९४७ च्या फाळणीत गिरण्या भारतात राहिल्या आणि तागाची बहुतेक शेते पूर्व पाकिस्तानात गेली. भारतीय शेतकऱ्यांनी लागवड वाढविली. बराकपूरजवळ नीलगंज येथील ताग संशोधन संस्थेने सुधारित वाण दिले. तो घाव भरून आला.

प्लास्टिकच्या पोत्याने केलेला घाव अधिक खोल ठरला. ते हलके आणि स्वस्त. व्यापाऱ्याने ते सहज स्वीकारले. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून ठरावीक मालासाठी तागाचे बारदान सक्तीचे केले. तेव्हापासून गिरण्यांचा मुख्य आधार सरकारी धान्यखरेदी हाच आहे. सरकारची मागणी घटली की गिरणीतील पाळी बंद होते आणि कामगाराच्या घरची चूल मंदावते. साखर कारखानदार तर ही सक्ती नकोच म्हणतात.

कायद्याने उद्योगाला आयुष्य मिळाले, हे निःसंशय. परंतु हुकमी गिऱ्हाईक लाभले की मालात सुधारणा करण्याची निकड उरत नाही. तागाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे: त्याच्या पोत्यात धान्याला हवा लागते, ते पुनःपुन्हा वापरता येते आणि शेवटी मातीत मिसळते. हे गुण सुबक पिशवीच्या रूपाने, परवडेल अशा भावात घरोघरी पोहोचले, तर टिटागडच्या कामगाराला केवळ सरकारी मागणीची वाट पाहावी लागणार नाही.

देशाभिमानाने ग्राहक दुकानाची पायरी एकदा चढतो. त्याने दुसऱ्यांदा यावे, यासाठी मालच चांगला असावा लागतो. उद्या उद्योजक होणाऱ्या आणि आजच ग्राहक असलेल्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी धरावे.